घरातील उजेड पाहून झाडे कशी निवडावीत?

ओंजळ (प्रश्न)

नमस्कार. पुण्यात कोथरूडला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही नुकतेच राहायला आलो आहोत. घराला मोकळी बाल्कनी नाही, त्यामुळे झाडे लावायची ती खिडक्यांच्या आधाराने घरातच लावावी लागतील. नर्सरीत जाऊन डोळ्यांत भरेल ते उचलून आणण्याऐवजी कोणत्या जागी किती उजेड येतो याचा आधी अंदाज घ्यावा आणि मगच खरेदी करावी, असा विचार आहे.

हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला आहे. तिचा कट्टा जमिनीपासून तीन फुटांवर आणि वरची कड सात फुटांवर असून बाहेर दोन फुटांचा छज्जा आहे. समोर रस्ता असल्यामुळे आडोसा काही नाही. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे आणि तीही मोकळीच आहे. अभ्यासाच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे, परंतु पंधरा फुटांवर शेजारची इमारत उभी आहे. स्वयंपाकघराला लागून पूर्वेकडे ड्राय बाल्कनी आहे. तेथे वॉशिंग मशीन ठेवल्यावर दोन-तीन कुंड्यांपुरती जागा उरते आणि ग्रिलमधून सकाळचे ऊन चांगले येते.

इंग्रजी संकेतस्थळांवर जवळपास सर्वत्र असे वाचायला मिळते की दक्षिणेची खिडकी वर्षभर सर्वाधिक उजेडाची असते, म्हणून तेथे कॅक्टस, जेड, कोरफड अशी उन्हाची झाडे ठेवावीत; उत्तरेची खिडकी सर्वांत अंधारी असते, म्हणून तेथे कमी उजेडात तगणारी झाडे ठेवावीत. हे आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडते का? दुसरे असे की टीव्हीशेजारचा कोपरा खिडकीपासून बारा फूट आत आहे आणि तेथे एक उंच, भरगच्च झाड असावे, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. तेथे अरेका पाम चालेल का? सासूबाईंना तुळस देवघराजवळ, म्हणजे हॉलच्या आतल्या भिंतीशी हवी आहे. घरात दोन वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे तोही विचार करावा लागेल.

सावली

दक्षिणेच्या खिडकीचा मुद्दा आधी घेतो, कारण गोंधळाचे मूळ तेथेच आहे. तुम्ही वाचलेले सल्ले चुकीचे नाहीत, पण ते युरोप-अमेरिकेतील घरांसाठी लिहिलेले आहेत. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो; शून्य सावलीचे दोन दिवस येतात ते याच काळाच्या दोन टोकांना. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचे थेट ऊन आत येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

तुम्ही खिडकीची मापे दिलीत हे फार बरे झाले, कारण त्यांवरून हिशोब मांडता येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना पुण्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७१ अंश उंच असतो. खिडकीची उंची चार फूट आणि छज्जा दोन फूट असेल, तर एवढ्या उंचीवरून येणारे ऊन छज्जाच अडवतो आणि कट्ट्यापर्यंत ते पोहोचतच नाही. सूर्य ६३ अंशांच्या खाली उतरला की मगच कट्ट्याच्या बाहेरच्या कडेवर उन्हाची पहिली पट्टी पडेल, आणि हे साधारण ऑक्टोबरच्या मध्याला घडते. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य ४८ अंशांवर असतो, तेव्हा कट्ट्याच्या पातळीवर ऊन दीड फुटाहून थोडे अधिक आत येईल आणि जमिनीवरचा कवडसा भिंतीपासून सव्वाचार फुटांपर्यंत पोहोचेल. फेब्रुवारी संपता संपता ते पुन्हा बाहेर जाईल. म्हणजे तुमची दक्षिणेची खिडकी ही हिवाळ्यात उन्हाची आणि उरलेले सात-साडेसात महिने निव्वळ उजेडाची खिडकी आहे. तेथे कॅक्टस ठेवला, तर मार्चपासून त्याची उपासमार सुरू होईल. याउलट रबर प्लांट, मॉन्स्टेरा, अरेका, ड्रसीना यांना वर्षभर भरपूर उजेड आणि केवळ थंडीत सौम्य ऊन, ही व्यवस्था फारच मानवते.

उत्तरेच्या खिडकीला मे-जूनमध्ये सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन लागते, पण जूनमध्ये पावसाचे ढग येतात आणि तुमच्याकडे समोर इमारतही आहे, त्यामुळे त्यावर विसंबू नये. पश्चिमेच्या खिडकीबाबत मात्र सावध राहावे. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून येणारे ऊन आणि त्याच वेळी तापलेली हवा, यांमुळे काचेला टेकलेली पाने करपतात. काचेच्या बाजूच्या अर्ध्या पानावरच पांढुरके, मग तपकिरी व कोरडे चट्टे दिसले, तर तो रोग नसून भाजल्याची खूण असते. कोरफड, जेड, अडेनियम आणि रंगीत क्रोटन यांच्यासाठी तुमच्या घरातील खरी जागा ही पश्चिमेची खिडकी होय, दक्षिणेची नव्हे. फक्त कुंड्या काचेपासून चार-सहा इंच दूर ठेवाव्यात आणि उन्हाळ्यात पातळ पांढरा पडदा लावावा.

दिशेपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाडाला दिसणारे आकाश. कुंडी जेथे ठेवायची असेल तेथे, पानांच्या उंचीवर आपले डोके नेऊन खिडकीकडे पाहावे. आकाशाचा मोठा तुकडा दिसत असेल, तर ती जागा उजेडाची आहे. केवळ समोरची भिंत दिसत असेल, तर आपल्याला कितीही लख्ख वाटले, तरी झाडाच्या दृष्टीने ती सावलीच आहे. आपले डोळे कमी प्रकाशाशी इतके सहज जुळवून घेतात की खिडकीजवळचा उजेड आणि दहा फूट आतला उजेड यांतील वीस-पंचवीस पटींचा फरकही आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून मोबाइलमध्ये लक्स (उजेडाचे एकक) मोजणारे एखादे ॲप घेऊन, लख्ख दिवशी दुपारी बाराच्या सुमारास, खोलीतील दिवे बंद करून प्रत्येक जागेचे माप घ्यावे. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये प्रकाशाचा सेन्सर समोरच्या बाजूला, कानाला लावायच्या स्पीकरजवळ असतो, त्यामुळे पडदा खिडकीकडे करून धरावा. आकडे काटेकोर नसले, तरी घरातल्या घरात तुलना करायला पुरेसे ठरतात.

ढोबळ अंदाजासाठी सांगतो. उघड्यावरच्या कडक उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, तर रात्री ट्यूबलाइटखाली बसतो त्या खोलीत शे-दोनशे. दुपारच्या मापात पाचशेच्या खाली असलेल्या जागी झाड वाढत नाही, असेच धरून चालावे. पाचशे ते हजारमध्ये स्नेक प्लांट, झेडझेड, हिरव्या पानांचा अ‍ॅग्लोनिमा, ॲस्पिडिस्ट्रा, साधा हिरवा मनीप्लांट. हजार ते तीन हजारमध्ये सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, ड्रसीना. अरेका, रबर प्लांट, स्पायडर प्लांट आणि पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पाने असलेली झाडे यांना त्याहून अधिक द्यावे. पट्ट्यांच्या पानांत हरितद्रव्य मुळातच कमी असते, त्यामुळे अंधारात त्यांची नवी पाने हिरवीच येऊ लागतात.

कोपऱ्याविषयी स्पष्टच सांगतो: बारा फूट आत अरेका चालणार नाही. तुळस तर आतल्या भिंतीशी मुळीच नाही. तिला रोज चार-पाच तास थेट ऊन लागते.

पोल्डर

मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून वरील मुद्द्याला पुस्ती जोडते. येथे बावन्न अंश अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेमतेम पंधरा अंश वर येतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट समोरच्या भिंतीपर्यंत जाते, आणि जूनमध्येसुद्धा मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेलाच असतो. येथील लोक जेड आणि कॅक्टस दक्षिणेच्या खिडकीत ठेवतात, ते अगदी योग्यच आहे. मात्र सांगलीला आईच्या घरी याच्या नेमके उलटे करावे लागते. येथील दुकानांत रोपांच्या चिठ्ठ्यांवर छापलेली सूर्याची चिन्हे तिकडच्या उन्हाला लावू नयेत. येथे ‘थेट ऊन सोसते’ असे लिहिलेले फिकस आईकडे एप्रिलमध्ये पश्चिमेच्या गॅलरीत ठेवले, तर आठवड्याभरात त्याची पाने वाळतील.

रोपवाला

माझी स्वतःची छोटी रोपवाटिका आहे, त्यामुळे खरेदीच्या बाजूने काही सांगावेसे वाटते. आमच्याकडे घरातली म्हणून विकली जाणारी झाडे हिरव्या शेडनेटखाली वाढवलेली असतात. पन्नास टक्के सावलीची जाळी असली, तरी तिच्याखाली उन्हाळ्याच्या दुपारी चाळीस-पन्नास हजार लक्स असतात. तेथून उचललेले झाड एकदम हॉलच्या आतल्या कोपऱ्यात ठेवले की ते पाने गाळते. फिकस बेंजामिना तर याबाबतीत फारच हळवे आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते तेव्हा बहुधा कीड किंवा खत कारण नसते, उजेडातली ही अचानक घट असते. म्हणून नवे झाड आणल्यावर आधी ते घरातील सर्वांत उजेडाच्या जागी, थेट उन्हापासून वाचवून, दोन-तीन आठवडे ठेवावे आणि मग टप्प्याटप्प्याने आत सरकवावे.

निवडताना झाडाची उंची पाहू नये, पेरे पाहावीत. दोन पानांमधील अंतर खालच्या भागात कमी आणि शेंड्याकडे एकदम वाढलेले असेल, देठ लांब होऊन एका बाजूला झुकलेले असतील आणि नवी पाने जुन्यांपेक्षा लहान असतील, तर ते झाड आधीच कमी उजेडात ठेवलेले आहे. अशा झाडाची किंमत उतरवून मिळाली तरी घेऊ नये.

लाल-गुलाबी अ‍ॅग्लोनिमाच्या बाबतीत ग्राहकांची सर्वाधिक निराशा होते. हिरवा अ‍ॅग्लोनिमा सावलीत तगतो, हे खरे; पण रंगीत जातींना खिडकीलगतचा उजेड लागतो, नाहीतर दोन-चार नव्या पानांतच रंग फिका पडतो. विक्रेते दोन्हींना एकाच नावाने ‘लो लाइट’ म्हणून विकतात, त्यात आमच्या व्यवसायाचाही दोष आहे.

पाण्याचा मुद्दा उजेडापासून वेगळा काढता येत नाही. झाडाला उजेड कमी मिळाला की ते पाणी कमी ओढते आणि कुंडीतील माती दिवसेंदिवस ओली राहते. त्यातच आपल्याकडची नर्सरीची माती ही लाल, चिकट आणि घट्ट बसणारी असते. पावसाळ्यात घरातील दमट हवेत तर ती सुकतच नाही, आणि मुळे कुजतात. झेडझेडला जमिनीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि त्यांत पाण्याचा साठा असतो, त्यामुळे त्याला अंधाऱ्या जागी महिन्याला एकदा पाणी दिले तरी पुरते. बोट दोन इंच मातीत घालावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. ‘आठवड्यातून दोनदा’ असा नेम पश्चिमेच्या खिडकीत ठीक असेल, पण टीव्हीच्या कोपऱ्यात तोच नेम झाड मारतो.

मुलगी लहान आहे, म्हणून हेही सांगणे माझे कर्तव्य आहे: मनीप्लांट, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, पीस लिली, झेडझेड आणि विशेषतः डायफेनबेकिया या अळूच्या कुळातील झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते. स्नेक प्लांटही चावण्याजोगे नाही, आणि रबर प्लांट किंवा अडेनियम यांचा चीक तोंडात किंवा डोळ्यांत जाता कामा नये. सध्या तिच्या हाताला येईल अशा उंचीवर अरेका, स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न आणि ॲस्पिडिस्ट्रा हीच ठेवावीत, बाकीची वर टांगावीत.

दिवेलागण

कोपऱ्याचा प्रश्न वर फारच लवकर निकालात काढला आहे, असे मला वाटते. एकतर दोन अरेका घ्याव्यात, एक खिडकीशी आणि एक कोपऱ्यात ठेवून दर पंधरवड्याला त्यांची अदलाबदल करावी. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात अशीच व्यवस्था आहे आणि झाडे ठीक दिसतात. किंवा सरळ दिव्याची सोय करावी. त्यासाठी जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही; झाडे लाल आणि निळा प्रकाश अधिक वापरतात हे खरे असले, तरी साध्या पांढऱ्या एलईडीमध्ये दोन्ही पुरेसे असतात. वीस वॉटची चार फुटी एलईडी ट्यूब सुमारे दोन हजार ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) देते. ती पानांपासून दीड फुटावर आली, तर तेथे दीड हजार लक्सच्या आसपास प्रकाश मिळतो. रोज बारा तास लावली, तरी महिन्याला सातच युनिट होतात. टायमरचा प्लग लावला की विसरण्याचा प्रश्न उरत नाही.

सावली

दिव्याबाबत पूर्ण सहमत आहे, फक्त एक पुरवणी जोडतो. छताला लावलेली ट्यूब उपयोगाची नाही. अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने घटतो, आणि सहा-सात फूट खाली झाडाच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही. दिवा झाडाजवळच हवा. दीड हजार लक्स हे आकडे छोटे दिसतात, पण खिडकीतला उजेड दुपारी दोन-तीन तासच शिखरावर असतो आणि दिवा बारा तास तेवढाच राहतो, हेही हिशोबात धरावे.

अदलाबदलीशी मात्र मी सहमत नाही. पान ज्या उजेडात तयार होते त्या उजेडाला साजेशी त्याची जाडी आणि रचना असते. पंधरा दिवस उजेड आणि पंधरा दिवस अंधार असे केले, तर झाड दोन्हीकडे अर्धवट जुळवून घेत राहते. कार्यालयातील झाडे ठीक ‘दिसतात’ यावर माझा फारसा विश्वास नाही. अरेकासारखे मोठे झाड साठवलेल्या अन्नावर कित्येक महिने तग धरून ते ठीक असल्याचा आभास निर्माण करते. नवे पान मागच्या पानाएवढे येते आहे का, ही एकच कसोटी मी मानतो.

दिवेलागण

हे मान्य करायला मला अडचण नाही, पण कार्यालयातील अरेकाला नवे कोंब येत आहेत, हेही तितकेच खरे. अर्थात तेथे दोन्ही जागा खिडकीपासून सहा-सात फुटांच्या आत आहेत आणि काच छतापर्यंत आहे. बारा फुटांसाठी मी दिव्याचीच शिफारस करेन.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. काल आणि आज, दोन्ही दिवस आकाश निरभ्र होते, म्हणून दुपारी बाराला मापे घेतली. दक्षिणेच्या कट्ट्यावर सुमारे साडेचार हजार लक्स आले, आणि कट्ट्याच्या अगदी बाहेरच्या कडेवर, ग्रिलच्या खाली, बोटभर रुंदीची उन्हाची पट्टीही दिसली. ऑक्टोबरचा हिशोब तंतोतंत जुळला याचे घरात सर्वांना नवल वाटले. कट्ट्यापासून चार फूट आत हा आकडा नऊशेवर येतो. टीव्हीच्या कोपऱ्यात केवळ साठ. अभ्यासाच्या खोलीत टेबलावर, खिडकीला लागून, सातशे. मात्र एक गोष्ट अनपेक्षित होती: डासांची जाळी सरकवल्यावर दक्षिणेच्या कट्ट्यावरचा आकडा साडेचार हजारांवरून तीन हजारांच्या खाली आला. जाळी तर संध्याकाळी लावावीच लागते. यावर काय करावे? आणि तुळशीचे सासूबाईंना कसे सांगावे, हाही प्रश्न आहेच.

सावली

जाळी संध्याकाळी लावून सकाळी उघडली, तर झाडांचे काहीच बिघडत नाही. ती दिवसभर लागलेली असेल, तरच आकडे जाळीसह धरावेत. वर्षातून दोनदा ती काढून धुवावी, कारण रस्त्यावरची धूळ तिच्या छिद्रांत बसली की उजेड आणखी घटतो. पानांवरची धूळही ओल्या फडक्याने पुसावी.

तुमच्या मापांवरून मी असे करेन: दक्षिणेच्या कट्ट्यालगत जमिनीवर न ठेवता अडीच-तीन फुटी स्टुलावर अरेका, म्हणजे तिची पाने कट्ट्याच्या वर येऊन त्यांना आकाश दिसेल; खिडकीखालच्या भिंतीच्या सावलीत कुंडी ठेवण्याची चूक बहुतेक घरांत होते. तिच्या बाजूला स्पायडर प्लांट टांगावे. अभ्यासाच्या टेबलावर ॲस्पिडिस्ट्रा, आणि वरच्या फळीवर, मुलीचा हात पोहोचणार नाही तेथे, हिरवा मनीप्लांट. साठ लक्सच्या कोपऱ्यात दिव्याशिवाय काहीही ठेवू नये, झेडझेडसुद्धा नाही. दिवा लावणार असाल, तर उंच स्टँडवर ॲस्पिडिस्ट्रा किंवा बोस्टन फर्न चालेल. पावसाळ्यात सर्वच आकडे उतरतील, म्हणून जुलैमध्ये पुन्हा एकदा माप घ्यावे आणि तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे.

रोपवाला

तुळशीसाठी तुमची पूर्वेची ड्राय बाल्कनी उत्तम आहे. कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या उंचीवर येईल अशी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन खोडापर्यंत पोहोचेल. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या, तर झाड भरत राहते. सासूबाईंना सांगायचे, तर रोज सकाळी पूजेच्या वेळी कुंडी उचलून देवघराजवळ आणावी आणि पूजा झाली की परत उन्हात ठेवावी. आठ इंची प्लास्टिकची कुंडी असेल, तर ते वजन त्यांनाही झेपेल. माती ओली असताना मात्र उचलू नये, ती बरीच जड होते. पाणी पूजेनंतर, कुंडी जागेवर ठेवल्यावर घालावे.